आत्याची चिलिका

माझ्या आत्याइतकं पाण्याला भिणारं आणि तरीही पाण्यावर इतका अधिकार गाजवणारं माणूस लातूर जिल्ह्यात दुसरं झालेलं नाही. ज्या जिल्ह्यात नळाला पाणी येण्याचा वार लोक लग्नाच्या मुहूर्तासारखा ध्यानात ठेवतात तिथं राहून मी हे म्हणते आहे, तेव्हा ते पुरेशा जबाबदारीनं म्हटलेलं आहे असं समजावं. शिरूर अनंतपाळजवळच्या आपल्या गावात आत्यानं निम्मं आयुष्य पाण्यामागं धावण्यात काढलं. टँकर वेशीत शिरण्याआधी तिची घागर पारापाशी जाऊन बसलेली असे. टँकरवाल्याला ती आधी "बाबा" म्हणे, नळी हातात आली की त्याच्याशी भांडे, आणि भरलेली घागर डोक्यावर चढली की पुन्हा त्याला चहाला बोलावी. पण हेच पाणी घागरीपेक्षा मोठ्या कशात दिसलं की तिच्या पायातलं बळ जाई. विहिरीत ती कधी वाकून बघायची नाही. एसटी घरणी नदीच्या पुलावर आली की ती डोळे मिटून शेजारणीचा हात घट्ट धरायची, मग शेजारीण ओळखीची असो की नसो. उन्हाळ्यात त्या नदीत शेरडं चरत असत, तरी हात सुटायचा नाही. "आत्या, खाली पाणी नाही गं," मी एकदा म्हणाले. "नसू दे," डोळे न उघडता ती म्हणाली, "जागा तर पाण्याचीच हाय."

अशा बाईच्या लेकाला रेल्वेत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती थेट ओडिशात, चिलिका सरोवराच्या काठच्या एका लहानशा स्टेशनात. चिलिका हे नाव आम्ही सगळ्यांनी भूगोलाच्या पेपरापुरतं पाठ केलेलं. एका अंगानं नद्यांचं गोडं पाणी येतं, दुसऱ्या अंगानं समुद्राचं खारं, मध्ये वाळूची लांबलचक पट्टी, आणि आत पलीकडचा काठ दिसू नये एवढं पसरलेलं उथळ पाणी. एवढं लिहिलं की गुण मिळत. तिथं कुणी राहत असेल, आणि आपल्या घरातलं कुणी तिथं जाऊन भाकऱ्या थापील, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पुढं त्याच्या बायकोचं, आमच्या वहिनीचं, बाळंतपण आलं. तिची आई आजारी, म्हणून आत्याला जाणं भाग पडलं. "सव्वा महिना. त्याच्याम्होरं न्हाई," असं सगळ्या गल्लीला सांगून तिनं ज्वारीच्या पिठाचा डबा, तिखटाची बरणी, बाळंतिणीचा डिंक आणि गोफण असं सामान बांधलं. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं हे खरं, पण बाळंतपणाला गोफण कशाला, असं मी विचारलं. "परका मुलूख हाय माय," ती म्हणाली. "हाताशी आपलं कायतरी आसावं."

तिला पोचवायला मी गेले. मी लातूरला कॉलेजात शिकवते, तेव्हा सुट्ट्या होत्या. नांदेडहून गाडी धरली. राजमहेंद्रीला गोदावरीचा पूल आला आणि तो काही संपेना. आत्या एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं समोरच्या तेलुगू बाईला धरून डोळे मिटून बसली होती. ती बाईही समजूतदार. तिनं हात सोडवून घेतला नाही, उलट मोकळ्या हातानं आत्याच्या पाठीवर थोपटत राहिली. "कोन्ती नदी म्हनायची ही?" आत्यानं विचारलं. गोदावरी, असं मी सांगितल्यावर तिनं एक डोळा उघडला आणि झटकन मिटला. "नांदेडला चांगली व्हती की," ती म्हणाली. "हितवर येऊन एवढी कशानं सुजली?"

चिलिकाचं पहिलं दर्शन तिनं क्वार्टरच्या मागच्या दारातून, चौकट दोन्ही हातांनी धरून घेतलं. सकाळची वेळ होती. पाण्याला आभाळाचा रंग आला होता, त्यात बांबूच्या ओळीच्या ओळी रोवलेल्या, बांबूंना मासे धरायचे पिंजरे लावलेले, आणि लांबवर शिडाच्या नावा. आत्या चौकट न सोडता बघत राहिली. मला वाटलं, भारावली. मग म्हणाली, "एवढं पानी आन् राखनीला कुनीच न्हाई?" हे पाणी खारं आहे, पिता येत नाही, असं सांगितल्यावर तिला खरोखरच वाईट वाटलं. "नासलं म्हन की मंग." दिवसभर ती कुणी वारल्यासारखी उदास होती, आणि संध्याकाळी लेक ड्यूटीवरून आल्यावर त्याला म्हणाली, "तुमच्या सायबाला सांगून कायी करता यायचं न्हाई का रं?"

मी परत आले. पुढचं बरंचसं वहिनीच्या फोनवरून कळत गेलं आणि नंतरच्या खेपांना डोळ्यांनी बघितलं. क्वार्टरला लागूनच कोळ्यांची वस्ती होती. वस्तीतलं पहिलं घर ज्या बाईचं होतं तिच्याशी आत्याचं पहिल्याच आठवड्यात भांडण झालं. आत्यानं बाळाची दुपटी जिथं वाळत घातली त्याच्याच खाली त्या बाईनं चटईवर मासे वाळत घातले. आत्या गळ्यात तुळशीची माळ घालणारी. जन्मात मासा शिवलेला नव्हता. ती आपल्या मराठीत बोलत होती, ती बाई आपल्या उडियात, आणि वहिनी सांगते की दोघींना एकमेकींचं एकूण एक कळत होतं. शेवटी दोघी दमल्या. तेव्हा त्या बाईनं कपाळावरचा घाम पुसत विचारलं, "अपा, खाइल कि?" म्हणजे, ताई, जेवलीस का? जेवणाचं आत्याला कळलं नाही, पण "अपा" कळलं. आमच्या गावच्या मोमीन गल्लीत थोरल्या बहिणीला आपाच म्हणतात. आत्या घरात येऊन वहिनीला म्हणाली, "ही तर आपल्यातलीच निगाली की गं." त्या दिवसापासून ती बाई आत्याची जाऊबाई झाली. तिचं खरं नाव आत्याच्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही, आणि जाऊच का, याचं तिचं उत्तर तयार होतं: "भांडायला बी तीच आन् ताट वाढायला बी तीच. मंग जाऊ न्हाई तर कोन?"

आता ती जाऊ म्हटल्यावर तिचा नवरा दीर झाला, आणि वयानं मोठा म्हणून थोरला दीर झाला. थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि थेट बोलायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत आत्यानं त्या बिचाऱ्या माणसाला लागू केली. तो जाळं खांद्यावर टाकून अंगणातून जायला लागला की गप्पा मारत बसलेली ही बाई एकदम पदराआड नाहीशी होई. सुरुवातीला त्याला वाटलं, आपलं काही चुकलं. त्यानं स्टेशनात येऊन माझ्या आतेभावाची माफीसुद्धा मागितली. तो मान आहे असं कळल्यावर मात्र तो इतका खूश झाला की मुद्दाम लांबच्या वाटेनं, आत्याच्या अंगणातूनच जायला लागला. त्याला निरोप द्यायचा झाला तर आत्या त्याच्या बायकोकडं तोंड करून बोलायची, "भाऊजीस्नी म्हनावं, वारं सुटायलंय, आज लांब जाऊ नगा." बायकोला यातलं एक अक्षर कळत नसे. भाऊजी मान हलवून जवळच जाळं टाकून येत.

सव्वा महिना झाला, बाळ रांगायला लागलं, चालायला लागलं, आणि आत्या तिथंच. कारण तिला काम मिळालं होतं. वाळत घातलेल्या मासळीवर कावळे, घारी आणि ते पांढरे समुद्रपक्षी तुटून पडत. उन्हात वाळणारा माल आणि त्याच्यावर टपलेली पाखरं हे दृश्य आत्याला घरच्यासारखं वाटलं. मासा शिवणार नाही, वास सहन होत नाही, पण राखण करायला माळ आडवी येत नाही असं तिनं ठरवलं आणि गोफण बाहेर काढली. ओटीत मातीची ढेकळं घेऊन ती स्टुलावर उभी राहायची. नेम असा की पाखराच्या अंगाला कधी लागलं नाही, पण पाखरू ती चटई विसरून जाई. बघायला वस्ती जमायची. ही बातमी वनखात्याच्या गार्डापर्यंत गेली. चिलिकावर थंडीत परदेशातून लाखांनी पक्षी उतरतात, त्यांना ढेकूळ तर सोडाच, साधं घाबरवणंही गुन्हा. गार्डानं आत्याला हिंदीत समजावलं की हे पक्षी सैबेरियापासून उडत आलेले पाहुणे आहेत. आत्यानं आमच्या दख्खनी हिंदीत उत्तर दिलं, "साब, पाहुने हैं तो जेवने को बिठाव ना. चोरी कायकू करने देते?" गार्ड हसला, पण गोफण घेऊन गेला. बाईचं वय बघून दुसऱ्या दिवशी परत आणून दिली, खुंटीला टांगून ठेवण्याच्या बोलीवर.

मग आत्या ओरडून पाखरं हाकायला लागली. तिची हाक म्हणजे साधी हाक नव्हे. आमच्या फुफांचं, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचं, शेत गावापासून लांब ओढ्यापलीकडं होतं. आत्या बांधावर उभी राहून त्यांना जेवायला हाक मारायची ती ओढा ओलांडून, तुरीच्या दोन पट्ट्या ओलांडून त्यांच्यापर्यंत जायची आणि मधले सगळे गडी आपापली भाकरी सोडायला बसायचे. चिलिकाच्या काठावर ती पहिल्यांदा ओरडली तेव्हा स्टेशनातला पॉइंट्समन लाल झेंडी घेऊन धावत बाहेर आला. पुढं सगळ्यांना सवय झाली. आत्याची हाक आली की वस्तीतल्या बायका चुलीवरचा भात उतरवत.

हळूहळू चिलिका तिच्या अंगात शिरली. पाऊसकाळात नद्यांचं पाणी येऊन सरोवर गोडसर होतं आणि उन्हाळ्याकडं पुन्हा खारं होत जातं, हे कळल्यावर तर तिचा त्या पाण्यावरचा राग गेला. "नासल्यालं न्हाई, आजारी पडतंय आन् बरं हुतंय," असं ती म्हणे. ती स्वतः पाण्याजवळ जायची नाही. ओली वाळू लागली की थांबायची. पण रोज सकाळी जाऊबाई तांब्याभर पाणी आणून तिच्या पुढं धरायच्या. आत्या त्यात बोट बुडवून जिभेला लावायची आणि वैद्यासारखी मान हलवून सांगायची, "आज बरं हाय" किंवा "आज जरा वाढलंय." याचा कुणालाही काहीही उपयोग नव्हता. तरी तांब्या रोज यायचा. तिकडं रात्रीचा भात पाण्यात भिजत घालून दुसऱ्या दिवशी खातात. त्याला आत्या आधी "शिळं" म्हणून नाक मुरडायची. एका उन्हाळ्यात ताप येऊन गेल्यावर जाऊबाईंनी तोच भात मीठ-दही घालून भरवला. त्यानंतर ती आम्हाला फोनवर सांगायला लागली, "तुमी लातूरला उनउन खाताव म्हनून तुमची डोकी तापत्यात."

मी दुसऱ्यांदा गेले ती संक्रांतीला. चिलिकातल्या एका बेटावर कालीजाईचं देऊळ आहे. लग्न होऊन सासरी निघालेली मुलगी नाव उलटून तिथं बुडाली आणि तिची देवी झाली, अशी कथा सांगतात. नावाडी तिला हात जोडल्याशिवाय पाण्यात जात नाहीत. ही कथा जाऊबाईंनी हातवारे करून सांगितली तेव्हा आत्या त्या मुलीच्या बापावरच चिडली होती. "वारं सुटल्यालं दिसतंय तर पोरीला धाडली कामून? चार दिस ठिवून घ्यायची." तेव्हापासून त्या देवीची दर संक्रांतीला ओटी भरायची, पण काठावरून, कुणाच्या तरी हाती पाठवून, असा तिचा नेम होता. त्या वर्षी तो मान मला मिळाला. संक्रांतीला बेटावर मोठी जत्रा, गर्दी फार, म्हणून आदल्या दिवशी, भोगीला, मी भाऊजींच्या नावेतून जाऊन यावं असं ठरलं. आत्यानं खण, नारळ, तिळगूळ आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी बांधून दिली. "देवीला म्हनावं, लातूरकडची भाकरी हाय, दात जपून."

आम्ही सकाळी लवकर निघालो तेव्हा पाण्यावर थोडंसं धुकं होतं. भाऊजींनी ते बोटानं दाखवून, ऊन चढलं की जाईल, अशी खूण केली. अर्ध्या वाटेवर ते जाण्याऐवजी वाढलं. बघता बघता नावेचं पुढचं टोक दिसेनासं झालं. तशात मोटरच्या पंख्यात कुणाचं तरी फाटकं जाळं गुंडाळलं गेलं आणि मोटर बंद पडली. भाऊजी खाली वाकून ते कापू लागले, पण ते नायलॉनचं होतं आणि पंख्याला घट्ट आवळून बसलं होतं. मग त्यांनी लांब बांबू घेतला आणि तळाला रेटत नाव परत काठाकडं ढकलायला सुरुवात केली. थोड्या वेळानं बांबू तळाला लागेना. त्यांनी बांबू वर घेतला, पुन्हा टाकला, आणि माझ्याकडं न बघता तो हळूच आडवा ठेवला. आपण काठाकडं नाही, आत आलो आहोत, हे मला त्यावरून कळलं. धुकं असूनही वारा होता. पाणी कडेवरून आत उडत होतं आणि मी नारळाच्या करवंटीनं ते बाहेर काढत होते. मला पोहता येत नाही. आमच्याकडं शिकायला पाणी होतं कुठं? भाऊजी वल्ह्यानं नाव सरळ ठेवायचा प्रयत्न करत होते. अधूनमधून "डर नाहिँ, डर नाहिँ" म्हणत होते, पण त्यांचे ओठ कालीजाईचं नाव घेताना मला दिसत होते. मी लातूरला ठेवून आलेल्या माझ्या लहान मुलीचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं, आणि दुसरा कुठलाच विचार येत नव्हता.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. भाऊजींनी एकदम वल्हं थांबवलं आणि हात वर केला. मला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग एक लांबलचक आवाज आला, एखाद्या मोठ्या पक्ष्यासारखा. पुन्हा आला तेव्हा मी ओळखला. "भाऊऽऽजीऽऽ," आत्या हाक मारत होती. ज्या माणसाशी ती कधी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती, त्याला. हाक थांबली की दुसरा आवाज यायचा, उंच, थरथरता. तिकडच्या बायका लग्नकार्यात जीभ हलवून तसा आवाज काढतात. तो जाऊबाईंचा होता. एकीचा दम संपला की दुसरी सुरू करत होती. धुक्यात आवाजाची दिशा फसवते. भाऊजी थोडं वल्हवायचे, थांबायचे, मान तिरकी करून ऐकायचे, नाव थोडी वळवायचे. मध्येच हाक येईनाशी झाली तेव्हा आम्ही दोघंही श्वास धरून बसलो. मग पुन्हा आली, आधीपेक्षा घोगरी, पण जवळून. बांबू तळाला लागला. भाऊजी उभे राहून जीव खाऊन रेटू लागले.

धुक्यातून आधी काठ दिसला नाही. आधी आत्या दिसली. ती पाण्यात उभी होती. कमरेच्या वर पाणी, पदर सुटून पाण्यावर तरंगत असलेला, डोळे गच्च मिटलेले, आणि तोंडानं हाक चालू. शेजारी जाऊबाई तिचा दंड दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. वहिनीनं नंतर सांगितलं की आत्या काठावरूनच हाका मारत होती. आवाज पुढं पोचत नाही असं वाटून एक पाऊल पुढं टाकायची, मग आणखी एक. तिला कुणी अडवलं नाही, कारण ती कुठवर आली आहे हे कुणालाच आधी कळलं नाही, तिला तर नाहीच. नाव तिच्या अंगाशी आली तेव्हा तिनं डोळे उघडले. समोर भाऊजी. तिनं पाण्यातून ओला पदर ओढला आणि आधी डोक्यावर घेतला. मग माझ्याकडं बघितलं. "भाकरी भिजली आसंल," ती म्हणाली. आणि त्यानंतर तिची नजर खाली गेली. चहूकडं पाणी बघून ती माझ्या नावेला धरून एवढंच म्हणाली, "आता मी जाऊ कशी?" तिचे पाय खरोखरच उचलत नव्हते. जाऊबाईंनी आणि भाऊजींनी तिला दोन बाजूंनी धरून, जवळजवळ उचलूनच बाहेर आणलं. थोरल्या दिराचा हात लागला याची लाज वाटून ती वाटभर पदराआड तोंड लपवून होती.

तिचा आवाज गेला तो कितीतरी दिवस परत आला नाही. वस्तीतल्या बायका आल्याचा रस, मध, कसल्या कसल्या मुळ्या घेऊन यायच्या. मी तिचे आभार मानायचा प्रयत्न केला तेव्हा तिनं हातानंच उडवून लावलं आणि फुसफुसत म्हणाली, "शेतात मारत्यात तशी हाक मारली. त्याला काय लागतंय?" माझी मुलगी आता कॉलेजात जाते. तिला पहिल्या दिवशी सोडून परत येताना मी रिक्षात एकटीच रडले होते, ते तिला सोडून आल्याचं रडू नव्हतं. तो दिवस पाहायला मी जिवंत होते, याचं होतं.

पुढं आतेभावाची बदली नांदेडला झाली. आत्यानं आनंदून जायला हवं होतं. ती बांधलेली भांडी पुन्हा सोडून बांधत राहिली. स्टेशनात सगळी वस्ती आली होती. जाऊबाईंनी केळीच्या पानात बांधून सुक्या मासळीचं मोठं गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. माळकरी बाईला मासळी देऊ नये हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या घरात देण्याजोगं सगळ्यात चांगलं तेच होतं. आत्यानं ते गाठोडं घेतलं आणि नांदेडपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही. डबाभर वास सुटला. टीसीनं विचारलं, हे कुणाचं? "माझंच हाय," आत्या म्हणाली. "म्या खात न्हाई, पर माझंच हाय." गावी गेल्यावर तिनं ते मोमीन गल्लीतल्या चाचीला दिलं आणि त्याचं कालवण कसं झालं होतं, याची बारीक चौकशी करून जाऊबाईंना फोनवर कळवलं. नंतर वर्षानुवर्षं ते फोन चालू होते. ही इकडून मराठीत, ती तिकडून उडियात. मध्ये कुणी दुभाषा नको असे.

गेल्या पावसाळ्यात भाऊजींचा फोन आला. जाऊबाई तापाचं निमित्त होऊन गेल्या होत्या. आत्यानं फोन ठेवला, डोक्यावरून अंघोळ केली आणि सुतक धरलं. देवाला दिवा नाही, कुणाच्या घरी जाणं नाही. गल्लीतल्या बायका विचारायला आल्या, कोण गेलं? "माझी जाऊ," तिनं सांगितलं. आमचे फुफा आईबापाला एकटे. गावात हे सगळ्यांना ठाऊक. "तुला गं जाऊ कवा व्हती?" एकीनं विचारलंच. "व्हती की," आत्या म्हणाली. "लांब ऱ्हायची."

दहाव्याला मी लातूरहून गेले. आत्या सकाळीच चाचीकडं जाऊन आली होती. चाचीनं बाजारातून मासे आणून तळून ठेवले होते. गुडघे धरलेले असूनही ते पानात झाकून आत्यानं स्वतःच्या हातानं शेतापर्यंत नेले. मी घेते म्हटलं तर देईना. "तिला पुरनाचं काय कवतिक?" ती म्हणाली. "मासाच ठिवला पायजे." बांधावर पान उघडून ठेवलं आणि आम्ही दोघी लांब लिंबाखाली येऊन बसलो. बाभळीवर कावळे होते, पण खाली येईनात. आत्या तोंडातल्या तोंडात तिला काहीतरी सांगत होती, ते मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. बऱ्याच वेळानं ओढ्याच्या बाजूनं एक बगळा आला. बांधावरून चालत पानाजवळ गेला, मान वाकडी करून बघितलं, आणि एक तुकडा उचलून घेऊन गेला. आत्या तो दिसेनासा होईपर्यंत बघत होती.

"तिखट कमीच घालाय लावलं व्हतं," ती म्हणाली. "आपलं तिखट तिला सोसायचं न्हाई."